दोन शिवांमधला मुराळी

बहुतेक पाहुणे चपला दारात काढतात. आमच्या गावचा मुराळीदादा मात्र त्या काढून हातात घ्यायचा, पडवीत आणायचा आणि उखळामागे सारून ठेवायचा. कुणी विचारलंच तर म्हणायचा, "कुत्रा नेल ना." ज्या घरात कुत्रं नाही, त्या घरातही त्याच्या चपलांना कुत्र्याची भीती असे. घरच्या सासूला मात्र काय ते कळायचं. चपला उखळामागे गेल्या म्हणजे हा माणूस सुनेला बरोबर घेतल्याशिवाय काही उठत नाही. मग ती निमूटपणे चुलीवर जास्तीचा भात चढवायची.

मुराळी हा शब्द आता समजावून सांगावा लागतो. लग्न झालेल्या मुलीला सणासुदीला माहेरी न्यायला जो येतो, तो मुराळी. माझी आजी नुसतं 'मूळ' म्हणायची. "गौरीला मूळ आलं नाय अजून," असं ती म्हणे तेव्हा तिच्या डोळ्यांसमोर माणूस नसे, बोलावणं असे. मूळ म्हणजे माहेरची हाक. ती कुणाच्या पायांनी आली याचं तिला फारसं काही नव्हतं. आईच्या पिढीपर्यंत शब्द त्या हाकेवरून हाक आणणाऱ्यावर येऊन बसला, आणि तो आणणारा म्हणजे सख्खा भाऊ, हे ठरून गेलं. जिला भाऊ नाही तिने गौरीच्या दिवसांत वाटेकडे बघूच नये. मी शाळेत मराठी शिकवते, त्यामुळे एकदा शब्दकोशातही पाहिलं. तिथे अर्थ बरोबर दिलाय. पण आमच्या गावात या शब्दाचं पुढे काय काय झालं, ते तिथे कुठून असणार?

जे झालं ते या माणसामुळे झालं. त्याचं खरं नाव जैतू. वैशाखऱ्यापासून आत, डोंगराच्या पायथ्याला आमचं गाव. तिथे त्याचं कौलारू घर आणि बेताची भातशेती. बायको कामाला वाघीण, आणि याला चालायचा नाद. सख्खी बहीण नव्हती. एका वर्षी शेजारचा भाऊ तापाने आडवा झाला, म्हणून सिद्धगडाच्या बाजूला दिलेल्या त्याच्या बहिणीला आणायला जैतू गेला. गेला तो घेऊनच आला. पुढच्या सणाला आणखी कुणी विचारलं. मग भाऊ असलेली घरंही त्यालाच पाठवू लागली, कारण भाऊ गेले की भांडून यायचे आणि हा गेला की जेवून यायचा. असं करता करता एकही बहीण नसलेल्या माणसाला गावभर बहिणी झाल्या, आणि मुराळी हे नात्याचं नाव राहिलं नाही, त्याचंच झालं. बौद्धवाडीतल्या सुजाताला आणायला तो पहिल्यांदा निघाला, तेव्हा पारावरच्या एकदोघांनी नाकं मुरडली. त्याने एवढंच विचारलं, "आपल्या गावची शीव तिला दुसरी हाय का रे?" आणि चालू लागला.

सासरी गेल्यावर तो 'मुलीला पाठवा' असं कधीच म्हणत नसे. पडवीत बसायचा. वाल कसा आलाय, बैल कुठून घेतला, विहिरीला पाणी किती हात, सगळं विचारायचा. सासू एकेक सबब काढायची. लावणी उरकू दे. कापणी होऊ दे. म्हातारीचं दुखणं निवळू दे. हा प्रत्येक सबबीला मान डोलवायचा. "खरं हाय आक्का. लावनी टाकून कसं जमल?" आणि पान लावायला घ्यायचा. दुपार कलायची, दुसरा चहा व्हायचा, गुरं परत यायची. शेवटी सासूच कावून म्हणायची, "न्या बाबा तिला चार दिस. पन उठा आता." 

"दादा, तू सरळ मागत का नाय?" मी लहानपणी त्याला विचारलं होतं.

"मागितलं तर नाय म्हनता येतं गो," तो म्हणाला. "मागितलंच नाय, तर नाय कशाला म्हनतील?"

होकार मिळाला की तो उखळामागून चपला काढायचा आणि उंबऱ्याबाहेर, तोंडं रस्त्याकडे करून ठेवायचा. आतून सून ते बघत असायची. ती लगेच पिशवी भरायला घ्यायची.

एस्टी असली तरी तो मुलीला चालवत आणायचा. एस्टीत लोकं ऐकतात, म्हणायचा. पुढे तो, मागे मुलगी. सासरच्या गावची शीव येईपर्यंत दोघांनी अक्षर बोलायचं नाही, हा त्याचा नियम. शिवेवर शेंदूर फासलेला दगड असतो. तो मागे पडला की वळून न बघता तो म्हणायचा, "आता बोल गो."

आणि मुली बोलायच्या. दोन शिवांच्या मधली ती वाट सासरची नव्हती आणि माहेरचीही नव्हती. पळसाचे माळ, सागाची विरळ झाडं, उन्हात वाळणारं गवत, मध्येच ओहोळ, आणि पुढे चाललेली एक पाठ. ती पाठ हं म्हणायची, बाकी काही नाही. त्याचं तोंड दिसत नसे, त्यामुळे कुणाला लाज वाटत नसे. तिथे मुली सासूला शिव्या द्यायच्या, नवऱ्याचं कौतुक करायच्या, काही जणी नुसत्याच रडायच्या, एकदोघी गायच्यासुद्धा. माझी चुलतबहीण सांगते, की तिने त्या वाटेवर निम्मा रस्ता फक्त तिच्या शेळीबद्दल सांगितलं, आणि दादाने तेही तितक्याच लक्ष देऊन ऐकलं. लहानपणी मला वाटायचं, तिथली हवाच वेगळी असणार. आजही डोळे मिटले की ती वाट मला थोडी धुक्यातली दिसते, भर उन्हाळ्यातली असली तरी.

आमच्या गावची शीव आली की तो थांबायचा. मुलीला ओहोळावर तोंड धुवायला लावायचा. "झालं? आता हितलं हितं," म्हणायचा, आणि पुढचा रस्ता पुन्हा गप्प. आई-बाप त्याला खोदून खोदून विचारायचे, पोरगी काय म्हणाली? "भूक लागली म्हनाली," हे त्याचं ठरलेलं उत्तर. गावातल्या सगळ्या मुली त्याच्या मते वाटेवर फक्त भुकेबद्दल बोलत.

माझं लग्न शहापूर तालुक्यात झालं, किन्हवलीच्या अंगाला. मध्ये काळू नदी. मी डी.एड. केलेली, आणि लग्न ठरताना 'करू दे की नोकरी' असं सगळ्यांनी म्हटलेलं. लग्नानंतर तो विषय निघाला, की दुसऱ्याच कुणाच्या सुनेबद्दल चाललंय असं घर वागायचं. जवळच्या आश्रमशाळेत जागा निघाली, ती माझ्या डोळ्यांदेखत भरली गेली. मला कुणी मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. नवरा भला होता, पण आईसमोर त्याचं तोंड शिवल्यासारखं व्हायचं. मी दिवसेंदिवस भिंतीसारखी होत चालले होते.

दिवाळीला दादा आला. चपला उखळामागे गेल्या. संध्याकाळी निघायला उशीर झाला म्हणून तो मुक्कामाला राहिला आणि सकाळी आम्ही चालू लागलो. शीव गेली. "आता बोल गो," तो म्हणाला. बरंच चाललो. काळूच्या पात्रात गुडघाभर पाण्यात उतरलो, तेव्हा कुठे मी म्हटलं, "दादा, मला परत नाय जायाचं."

"बरं," तो म्हणाला. आणि थोड्या वेळाने, "पाय जपून टाक. दगड शेवाळलेत."

मला त्याचा राग आला. मी एवढं बोलले आणि याने दगडाचं सांगावं! माहेरी आल्यावरही त्याने कुणाला काही सांगितलं नाही. भूक लागली म्हणाली, एवढंच.

आता रीत अशी, की ज्याने आणलं त्यानेच मुलीला परत पोचवायचं. चार दिवस संपले, माझी पिशवी भरली गेली, आणि दादाचा निरोप आला, पाय मुरगळलाय. बाबा बघायला गेले, तर घोट्याला हळदीचा जाड लेप. त्याच दुपारी तो खळ्यावर भाताचे भारे टाकताना अर्ध्या गावाने पाहिला. बाबा भडकले. म्हणाले, दुसरा कुणी जाईल. पण ज्याला सांगावं त्याने तेच उत्तर द्यावं: मुराळ्याचा पाय बरा नसताना त्याच्या वाटेवर पाऊल कोण टाकणार? हे सगळ्यांना कुणी पढवलं होतं ते उघडच होतं. दिवस जात राहिले, आणि मुराळ्याचा पाय काही बरा होईना. शेवटी जे आमच्या भागात सहसा घडत नसे ते घडलं. माझा नवरा मला न्यायला स्वतः आला.

जावई असा न सांगता आलेला बघून घरात तारांबळ उडाली. दादा लंगडत भेटायला आला. लेप डाव्या पायाला होता आणि लंगडत होता उजव्याने. आईने तोंडाला पदर लावला. निघताना तो आमच्याबरोबर शिवेपर्यंत आला आणि दगडाशेजारी बसला.

"माझा पाय हितपरेंतच चालतो, पावनं," तो माझ्या नवऱ्याला म्हणाला. "आता तुमी फुडं चाला. ही मागून बोलल. तुमी ऐकायचं. तुमची शीव येईपरेंत उत्तर नाय द्यायचं."

नवऱ्याला काही कळलं नाही, पण मोठ्या माणसाने सांगितलं म्हणून तो पुढे झाला. मला पहिल्यांदाच त्याची पाठ दिसली. मी बोलत गेले. काळूपर्यंत रागाने बोलले, नंतर रडत बोलले, आणि शेवटी शेवटी तर शांतपणे, वर्गात शिकवावं तसं. त्याने एकदाही वळून पाहिलं नाही. सासरच्या दगडापाशी पोचल्यावर तो थांबला. त्याचे डोळे लाल झाले होते. म्हणाला, "आईशी मी बोलतो." ते बोलणं सोपं गेलं नाही, घरात बरेच दिवस भांडी आपटत होती. पण पुढच्या जूनमध्ये मी शाळेत रुजू झाले. आमचा संसार खरा त्या वाटेवर सुरू झाला, असं मी म्हटलं की नवरा हसतो. नाही म्हणत नाही. दादाने मात्र कधी विचारलं नाही, पुढं काय झालं म्हणून. पुढच्या गौरीला आला तो ठणठणीत पायांनी, आणि चपला उचलून उखळामागे घेऊन गेला.

नंतर रस्ते झाले, मोटारसायकली आल्या, हाताहातात फोन आले. मुली 'निघाले' म्हणून कळवायच्या आणि तासाभरात दारात उभ्या राहायच्या. मुराळी जाणं बंद झालं. शब्द मात्र बिनकामाच्या माणसासारखा गावात भटकत राहिला. कुणाकडे जाऊन कुणी उठेनासा झाला, की बायका म्हणायच्या, मुराळ्यासारखा बसलाय. आमच्या गोठ्यातली एक म्हैस संध्याकाळी बाकीची गुरं आपल्यामागे घराकडे आणायची, तिला आई मुराळी म्हणायची. मग एका पोराने टोकावड्याच्या लाइनवर जीप टाकली आणि काचेवर मोठ्या लाल अक्षरांत 'मुराळी' लिहून घेतलं. दादाला कोण अभिमान! त्याने जीपभोवती एक फेरी मारली, अक्षरांवरून हात फिरवला.

"शिवेवर थांबते का रे?" त्याने विचारलं.

"हात करा काका, कुठंबी थांबल."

"तसं नाय रे," दादा म्हणाला, आणि चालतच घरी गेला.

पुढे त्याची बायको गेली. त्यानंतर एका पावसाळ्यात तो शेताच्या बांधावरून घसरला, आणि या वेळी पाय खरोखरच मोडला. त्याचा मुलगा काशिनाथ धरणावर नोकरीला. तो त्याला भातसानगरला आपल्या क्वार्टरमध्ये घेऊन गेला. मुलगा गुणी, सून मायेची. खायला-प्यायला, औषधाला काही कमी नाही. पण पाय बरा झाला तरी तो परत येईना. गावातून कुणी फोन केला की काशिनाथ म्हणायचा, पावसाळा संपू दे. मग, थंडी जाऊ दे. एकट्याने त्या घरात पडला तर कोण बघणार, ही त्याची भीती खोटी नव्हती. दादा स्वतः काहीच म्हणत नसे. एकदा मीच फोनवर विचारलं, "दादा, गावी कधी येतोस?"

"मुराळ्याबगर कसा येऊ गो?" तो म्हणाला आणि हसला.

मीही हसले. फोन ठेवला, भाजी चिरायला घेतली, आणि विळीवरचा हात तसाच थांबला. ज्याने जन्मभर कधी काही मागितलं नाही, तो याहून जास्त काय बोलणार होता?

रविवारी आम्ही नवराबायको भातसानगरला गेलो. दादा धरणाच्या बाजूच्या खिडकीशी बसला होता. किती वाळला होता! हाताची बोटं तेवढी पूर्वीसारखी लांब. "हे पानी बघ," तो मला म्हणाला, "रोज मुंबयला जातं. मूळ नाय, मुराळी नाय, तरी जातं बापडं." सूनबाई पाणी घेऊन आली. मी परत दारात गेले, माझ्या चपला उचलल्या, आत आणल्या आणि स्वयंपाकघराच्या दाराआड सारून ठेवल्या.

"आत्या, बाहेरच असू द्या की," काशिनाथ म्हणाला.

"कुत्रा नेल ना," मी म्हटलं.

दुसऱ्या मजल्यावर कसला कुत्रा, असं काशिनाथच्या चेहऱ्यावर होतं. दादाने माझ्याकडे पाहिलं, मग स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं, आणि पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागला.

मी बसले. पोरांची शाळा विचारली, धरणात पाणी किती ते विचारलं, सूनबाईच्या माहेरचं विचारलं. काशिनाथ म्हणाला, आत्या, त्यांचा पाय अजून कच्चा आहे. मी म्हटलं, खरं हाय. तो म्हणाला, गावात डॉक्टर नाय. मी म्हटलं, ते पन खरं हाय. जेवणं झाली. चहा झाला. नवरा एकदा घड्याळाकडे बघायला लागला, त्याला मी डोळ्यांनी गप्प केलं. उन्हं भिंतीवरून खाली आली आणि दुसरा चहा झाला. मग सूनबाईच हळूच म्हणाली, "अवो, शिमगा आलाय. आत्या न्यायला हायत, शेजारी चुलते हायत. दादांना जाऊ दे ना." काशिनाथने बापाकडे पाहिलं. "न्या आत्या," तो म्हणाला. "पन फोन करत जावा."

दादा उठला. काठी न घेता, भिंतीला धरून स्वयंपाकघराच्या दाराशी गेला, वाकला, आणि माझ्या चपला उचलल्या. "दादा, अरे काय करतोस!" मी धावले. त्याने ऐकलं नाही. उंबऱ्याबाहेर नेऊन त्याने त्या नीट ठेवल्या, तोंडं जिन्याकडे करून. मग आपली पिशवी भरायला गेला. मी तिथेच उभी राहून रडले, कुणाचीही लाज न धरता.

गाडीत तो गप्प होता. वसाहतीला शीव कुठली, दगड कुठला, मला कळेना. शेवटचं घर मागे पडल्यावर मी पुढच्या सीटवरून, मागे न बघता म्हटलं, "आता बोल, दादा."

आणि तो बोलला. जन्मभर गावच्या मुलींचं ऐकलेला तो माणूस शहापूर गेलं तरी बोलत होता, किन्हवली गेली तरी बोलत होता. काळूच्या पुलावर आम्ही गाडी थांबवली, काच खाली केली. खाली नदी बारीक झाली होती, पळस फुलले होते. नवरा आणि मी समोर बघत बसलो. तो बोलत राहिला, मध्ये हसला, मध्ये थांबला, पुन्हा बोलला. आमच्या गावचा दगड दिसल्यावर म्हणाला, "झालं. आता हितलं हितं."

तो काय बोलला ते मी इथे लिहिणार नाही. काशिनाथनेही विचारलं होतं, दादा वाटेत काय म्हणाले? भूक लागली म्हणाले, मी सांगितलं.

तो शिमगा त्याने गावात पाहिला. मग गौरीही पाहिली, दिवाळीही. पुढच्या थंडीत आपल्याच पडवीत, उन्हाला बसला असताना तो गेला. काशिनाथ त्या दिवशी तिथेच होता. गावात आता त्या शब्दाला नवाच अर्थ आलाय. कल्याणला, डोंबिवलीला मुलाकडे राहिलेल्या म्हाताऱ्या माणसाला कुणी गावी आणायला निघालं, की म्हणतात, मुराळी गेलाय. पहिल्यांदा गेली ती सुजाता, बौद्धवाडीतल्या आपल्या म्हाताऱ्या चुलत्याला आणायला. बाई मुराळी कशी, असं कुणी विचारलं नाही. परवा तोच जीपवाला पोरगा आपल्या आजीला आणायला गेला, आणि सगळा दिवस तिथे चहा पीत बसला, असं ऐकलं.

मी अजून कधी कधी ती वाट चालत जाते. गुडघे कुरकुरतात, काळूवर पूल असतानाही पाण्यातूनच जाते. सासरचा दगड मागे पडला की बोलायला लागते. शाळेतलं सांगते, पोरीचं सांगते, नवऱ्याचं कौतुक करते. पुढे पाठ नाही, हं म्हणणारं कुणी नाही. तरी गावची शीव येईपर्यंत बोलते, आणि दगड दिसला की ओहोळावर तोंड धुऊन घरी जाते.